आउटपुट एक, अ‍ॅम्प तीन

गाडीच्या स्टिरिओच्या पाठीमागे आरसीए आउटपुटच्या किती जोड्या आहेत, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो, असं दुकानात सांगतात. तीन जोड्या असल्या तर काम सरळ आहे. पुढच्या स्पीकरांच्या अ‍ॅम्प्लिफायरला एक, मागच्यांना एक आणि सबवूफरला एक. पण स्वस्त डबल डिन स्टिरिओला बहुधा एक किंवा दोनच जोड्या असतात, आणि गाडीच्या कंपनीनेच बसवून दिलेल्या टचस्क्रीनला बहुतेकदा एकही नसते. अशा गाडीत दोन-तीन अ‍ॅम्प बसवायचे म्हटलं की पहिला सल्ला येतो, ‘स्टिरिओ बदला.’ दुसरा येतो, ‘डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसर, टाका.’ दोन्ही सल्ले कधीकधी बरोबर असतात, पण ज्या कारणासाठी दिले जातात ते कारण सहसा चुकीचं असतं.

ते कारण म्हणजे, ‘एकच आउटपुट दोघांत वाटलं तर सिग्नल निम्मा होईल.’ नळाला दोन पाईप जोडले की धार निम्मी होते, तसं काहीतरी चित्र यामागे असतं. अ‍ॅम्पच्या इनपुटला हे चित्र लागू पडत नाही, कारण अ‍ॅम्प स्टिरिओकडून जवळजवळ काहीच ‘पीत’ नाही. तो फक्त व्होल्टेज बघतो. साधा हिशेब करून पाहू. समजा स्टिरिओच्या आरसीए आउटपुटचा स्वतःचा अंतर्गत अवरोध २०० ओहम आहे, आणि अ‍ॅम्पच्या इनपुटचा १०,००० ओहम. एक अ‍ॅम्प जोडला तर ४ व्होल्टपैकी ३.९२ व्होल्ट त्याला पोचतात. वाय केबल, म्हणजे एकाचे दोन फाटे करणारी तार, लावून तसेच दोन अ‍ॅम्प जोडले तर दोघांनाही ३.८५ व्होल्ट मिळतात. तीन जोडले तर तिघांनाही ३.७७. एकापासून तिनापर्यंतची ही घट डेसिबलमध्ये सुमारे ०.३३ भरते. कानाला ती कळत नाही, आणि कळली तरी अ‍ॅम्पचा गेन केसभर फिरवला की भरून निघते. स्टिरिओ अगदी सुमार असेल, त्याचा अंतर्गत अवरोध १,००० ओहम असेल, तरी दोन अ‍ॅम्पना पाऊण आणि तीन अ‍ॅम्पना दीड डेसिबलच्या आसपास घट येते. तीही गेनने भरता येते.

म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळणारी वाय केबल हे तंत्रदृष्ट्या पूर्ण सभ्य उत्तर आहे. ती जुगाड नाही. अडचण दुसरीकडे आहे. वाय केबल सिग्नल वाटते, पण कंट्रोल वाटत नाही. एका जोडीतून निघालेले सगळे अ‍ॅम्प एकाच दोरीला बांधलेले राहतात. पुढचे स्पीकर थोडे खाली आणून मागचे वर करायचे असतील, एखाद्या गाण्याला बास कमी हवा असेल, किंवा पुढच्या उजव्या स्पीकरचा आवाज दोन मिलिसेकंद उशिरा सोडायचा असेल, तर यातलं काहीच वेगवेगळं करता येत नाही. पुढचे-मागचे स्पीकर तोलणारा फेडर निरुपयोगी होतो. स्टिरिओच्या मेन्यूतला ‘सबवूफर लेव्हल’ एक तर गायब असतो किंवा सगळ्यांवरच चालतो. अपुऱ्या आउटपुटचं खरं दुखणं हेच आहे. त्यावर जो उपाय निवडायचा, तो ‘मला गाडी चालवताना हाताशी कोणता कंट्रोल हवा’ या प्रश्नावरून निवडावा.

एक इशारा इथेच देऊन ठेवतो. वाय केबल एका आउटपुटवरून दोन इनपुटांकडे जाते, तशीच ती उलटी लावून दोन आउटपुट एका इनपुटमध्ये घालता येतील असं काहींना वाटतं. डावा-उजवा एकत्र करून सबवूफरला द्यायचा, हा हेतू असतो. असं करू नये. उलट्या जोडणीत एका आउटपुटला समोर दहा हजार ओहमचं इनपुट दिसत नाही, दुसऱ्या आउटपुटचे दोनशे ओहम दिसतात, आणि दोघं एकमेकांना ढकलत बसतात. आवाज विद्रूप होतो आणि आउटपुटच्या सर्किटवर भलता ताण येतो. मोनो अ‍ॅम्पला डावी-उजवी अशी दोन इनपुट असतातच, आणि तो आतल्या आत दोन्हींची नीट बेरीज करतो. दोन्ही तारा लावाव्या, एवढंच. फक्त डावी तार लावून काम भागवलं तर उजव्या बाजूला ध्वनिमुद्रित झालेलं जे काही असेल ते सबवूफरपर्यंत पोचतच नाही.

आता दोन जोड्या असलेल्या स्टिरिओचा विचार करू, कारण बाजारात हेच सगळ्यात जास्त आढळतात. मागे ‘फ्रंट’ आणि ‘रिअर’ असं लिहिलेलं असतं; काहींत दुसऱ्या जोडीवर ‘रिअर / सब’ असतं आणि सेटिंगमध्ये जाऊन तिचं काम ठरवता येतं. बहुतेक जण फ्रंट आणि रिअर जोड्या चार चॅनेलच्या अ‍ॅम्पला देतात आणि सबवूफरसाठी रिअरवर वाय केबल लावतात. हे चालतं. पण माझ्या मते याहून चांगली रचना आहे, आणि ती फारशी सुचवली जात नाही. फ्रंट जोडी पुढच्या स्पीकरांच्या अ‍ॅम्पला द्यावी, रिअर जोडी थेट सबवूफरच्या अ‍ॅम्पला द्यावी, आणि मागचे स्पीकर स्टिरिओच्या स्वतःच्या ताकदीवर सोडावेत किंवा बंद करावेत. आता फेडर हाच बासचा कंट्रोल झाला. मध्यावर ठेवला की दोन्ही पूर्ण. पुढे सरकवला की बास उतरत जातो. मेन्यूत सबवूफरचा उल्लेखही नसलेल्या स्टिरिओमध्ये यामुळे हाताशी एक बास नॉब तयार होतो, तोही फुकट. मागचे स्पीकर फेडरबरोबर हलतील हे खरं, पण ते मुळात दुय्यम आहेत. पुढे बसणाऱ्याला संगीत समोरून यायला हवं. पाठीमागून येणारा मोठा आवाज गायकाला डॅशबोर्डवरून खेचून मागच्या सीटवर नेऊन बसवतो. मागे रोज माणसं बसत असतील तर गोष्ट वेगळी.

यात एक पथ्य आहे. रिअर जोडी मेन्यूतून ‘सब’ केली तर स्टिरिओ त्या जोडीतले वरचे स्वर कापून टाकतो. मग त्याच जोडीवर वाय लावून मागचे स्पीकर चालवायला गेलात तर त्यांतून नुसती घुरघुर येईल. वाय लावायची असेल तर जोडी ‘फुल’ किंवा ‘रिअर’वरच ठेवावी आणि गाळणी अ‍ॅम्पमध्ये लावावी: सबवूफरला ८० हर्ट्‌झच्या खालचं, बाकीच्यांना ८०च्या वरचं. ही सुरुवात आहे, नियम नव्हे. दारातले स्पीकर लहान असतील तर १०० बरं.

एकच जोडी असेल तर वाय केबलखेरीज आणखी तीन वाटा आहेत. पहिली अ‍ॅम्पमध्येच असते. पुष्कळ चार चॅनेलच्या अ‍ॅम्पवर ‘इनपुट: २ चॅनेल / ४ चॅनेल’ असा खटका असतो. तो ‘२’वर केला की एका जोडीतून चारही चॅनेल चालतात, म्हणजे वाय केबल पेटीच्या आतच असते. दुसरी वाट अ‍ॅम्पच्या ‘लाइन आउट’ची. पहिल्या अ‍ॅम्पमधून आरसीए बाहेर निघते आणि पुढच्या अ‍ॅम्पला जाते. डिकीत तारांचा गुंता कमी होतो, म्हणून फिटिंगवाल्यांना ही आवडते. पण माहितीपुस्तिका उघडून बघावी: काही अ‍ॅम्पमध्ये हे आउटपुट इनपुटची सरळ प्रत असतं, काहींमध्ये त्याला गाळणी लागून येते. पहिल्या अ‍ॅम्पने ८० हर्ट्‌झच्या खालचं कापून पुढे पाठवलं, तर दुसऱ्याला जोडलेला सबवूफर मुका राहील आणि दोष सबवूफरवर जाईल. तिसरी वाट म्हणजे छोटा प्रीअ‍ॅम्प किंवा इक्वलायझर. त्यात एक जोडी आत जाते आणि फ्रंट, रिअर, सब अशा तीन बाहेर येतात, सबवूफरच्या वेगळ्या नॉबसकट. डीएसपीच्या चकाकीपुढे ही वस्तू आता जुनाट वाटते. पण एक जोडीवाला स्टिरिओ, दोन अ‍ॅम्प आणि बास कमीजास्त करायची हौस, एवढीच गरज असेल तर पैशाच्या मानाने हा सगळ्यात शहाणा तोडगा आहे. एक मात्र तपासावं. स्वस्त प्रीअ‍ॅम्प गाडीच्या विजेतला खरखराट स्वतःहून आत ओढतात.

यांखेरीज एक पर्याय प्रश्नच मोडीत काढतो: पाच चॅनेलचा एकच अ‍ॅम्प. चार चॅनेल स्पीकरांना, पाचवा सबवूफरला. विजेची एक तार, अर्थिंगची एक तार, चालू करण्याची एक तार. त्याला सबवूफरचा वायरचा नॉबही पुष्कळदा मिळतो. एक अ‍ॅम्प आधीच घरात असल्यामुळे दुसरा घ्यायचा असेल तर गोष्ट निराळी, नाहीतर छोट्या गाडीत वेगवेगळे तीन अ‍ॅम्प लावण्यामागे हौसेखेरीज कारण क्वचित असतं. हौस हेही कारणच आहे म्हणा.

आरसीएच नसेल तेव्हा

हा भाग जरा सविस्तर घेतो, कारण आता येणाऱ्या गाड्यांत हीच परिस्थिती असते. टचस्क्रीन डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेली असते, तिच्यातूनच रिव्हर्स कॅमेरा चालतो, गाडीची सेटिंगही तिच्यातच. ती काढून दुसरी बसवणं म्हणजे अर्धी गाडी उघडणं. १९८०च्या दशकात जर्मन डिन मानकामुळे स्टिरिओचं भोक जगभर सारखं झालं होतं, १८० बाय ५० मिलिमीटर, आणि दुसऱ्या कंपनीचा स्टिरिओ बसवणं त्यामुळेच सोपं झालं. त्याच दशकात, १९८३च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये जनरल मोटर्स आणि बोस यांनी मुळातच त्या गाडीसाठी बेतलेली ध्वनियंत्रणा दिली. आजची टचस्क्रीन त्या दुसऱ्या घराण्यातली आहे. सगळं आतूनच ठरलेलं, बाहेरच्याला दार नाही.

पण स्पीकरच्या तारा आहेत. सिग्नल तिथून घेता येतो. त्यासाठी आधी ही तार काय वाहते ते समजायला हवं. स्टिरिओच्या आतली छोटी चिप १४.४ व्होल्टवर चालते आणि प्रत्येक स्पीकरला ‘ब्रिज’ पद्धतीने ढकलते: दोन्ही तारांवर सिग्नल असतो, एक उलटा, एक सुलटा. त्यामुळे ‘निगेटिव्ह’ म्हणून जी तार दाखवतात ती अर्थ (ग्राउंड) नसते. दोन्ही तारा बॅटरीच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ६-७ व्होल्टवर, तरंगत असतात. ती तार गाडीच्या बॉडीला टेकली तर चिप जळू शकते. जुन्या गाड्यांतल्या सवयीने ‘निगेटिव्ह सगळे एकत्र करून अर्थला’ असं करणारे अजून भेटतात.

खोक्यावरच्या ‘५० वॅट गुणिले ४’चा उगमही याच चिपमध्ये आहे. १४.४ व्होल्टचा वर्ग भागिले ४ ओहम केलं की सुमारे ५२ वॅट येतात. पण ही चौकोनी लाट झाली, म्हणजे पूर्णपणे फाटलेला आवाज. शुद्ध लाटेला हिशेबाने २६ वॅट आणि चिपमधला तोटा वजा जाता प्रत्यक्षात विसेक वॅट हाती लागतात. आकड्यांचा हा खेळ आवरण्यासाठीच अमेरिकेत २००३ साली सीईए-२००६ हे मानक आलं: १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आणि विरूपण १ टक्क्याच्या आत असताना जेवढे वॅट मिळतात तेवढेच छापायचे. अ‍ॅम्प घेताना हे चिन्ह शोधावं. ‘३००० वॅट मॅक्स’ असं लिहिलेल्या पेटीवर ३० अँपिअरचा फ्यूज दिसला तर बाकीचं आपणच समजून घ्यावं.

स्पीकरच्या तारेतून अ‍ॅम्पपर्यंत जायचे दोन मार्ग आहेत. अ‍ॅम्पला ‘हाय लेव्हल इनपुट’ असेल तर तार सरळ तिथे. नसेल तर मध्ये लाइन आउटपुट कन्व्हर्टर लावायचा, जो ९-१० व्होल्टपर्यंत जाणारा सिग्नल आरसीएच्या पातळीला उतरवतो. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ते खालचे स्वर थोडे खातात, पण अर्थ वेगळा ठेवतात. महागड्यांमध्ये सक्रिय सर्किट असतं. अनेक अ‍ॅम्पसाठी इथे एक मोठी सोय आहे: हाय लेव्हल इनपुट स्पीकरच्या मानाने नगण्य भार टाकतं, त्यामुळे एकाच स्पीकरच्या तारेवरून दोन-तीन अ‍ॅम्प बिनदिक्कत घेता येतात. आउटपुटची संख्या हा प्रश्नच इथे उरत नाही. डावी एक जोडी आणि उजवी एक जोडी सापडली की पुरे.

उरतो तो सिग्नलचा दर्जा. कंपनीच्या स्टिरिओमध्ये त्या गाडीच्या स्वस्त स्पीकरांना सांभाळण्यासाठी इक्वलायझेशन केलेलं असतं, आणि आवाज वाढवला की बास हळूच कापण्याची युक्तीही बऱ्याचदा असते. मूळ स्पीकर फाटू नयेत म्हणून हे योग्यच आहे. पण तुम्ही त्या सिग्नलवर सबवूफर जोडलात की नेमका उलटा अनुभव येतो: हळू आवाजात बास दणकट, मोठ्या आवाजात गायब. ऑडिओकंट्रोलच्या काही कन्व्हर्टरमध्ये ‘अ‍ॅक्युबास’ नावाची सोय आहे ती याच कापलेल्या बासची भरपाई करण्यासाठी. ज्या गाड्यांत कंपनीचाच वेगळा अ‍ॅम्प असतो, तिथे आणखी एक गुंता. ट्वीटर आणि दारातला वूफर यांना वेगवेगळ्या तारा असतात. फक्त वूफरच्या तारेवरून सिग्नल घेतला तर वरचे स्वर येणारच नाहीत. दोन्ही घेऊन त्यांची बेरीज करावी लागते.

डीएसपीची खरी जागा ही आहे. बेरीज करणं, कंपनीचं इक्वलायझेशन उलटवणं, आणि प्रत्येक स्पीकरला वेगळी गाळणी व वेगळा उशीर देणं. चार इनपुट घेऊन आठ आउटपुट देणारी डेटन ऑडिओची डीएसपी-४०८सारखी पेटी अनेक अ‍ॅम्पच्या मांडणीत स्टिरिओची सगळी उणीव भरून काढते. ‘आउटपुट कमी’ ही तक्रार ‘आउटपुट शिल्लक’ अशी होते. पण डीएसपी बसवून तिला कारखान्यातल्या सेटिंगवर सोडणं हा पैशाचा अपव्यय आहे, आणि मायक्रोफोन लावून, मोजून, तासन्‌तास बसून ट्यूनिंग करणारे लोक थोडे आहेत. ते सापडले असतील तर खुशाल घ्या. नाहीतर प्रीअ‍ॅम्प आणि दोन नॉब जास्त सुख देतात.

अनेक महागड्या जर्मन गाड्यांत तर स्टिरिओपासून अ‍ॅम्पपर्यंत सिग्नल मोस्ट नावाच्या प्रकाशतंतूच्या जाळ्यातून डिजिटल रूपात जातो. इतर काही नव्या गाड्यांत अ‍ॅनालॉग डिव्हायसेसची ए-टू-बी ही दोन तारांची पद्धत आहे. तिथे कंपनीच्या अ‍ॅम्पच्या आधी कापण्यासारखी ध्वनीची तारच नसते. एक तर त्या अ‍ॅम्पच्या पुढून घ्यायचं, नाहीतर त्या मॉडेलसाठी बनवलेला खास इंटरफेस शोधायचा. घरी करायचं काम हे नव्हे.

तारा कुठेही जोडा, कापू नका. बहुतेक लोकप्रिय मॉडेलांसाठी कपलरला कपलर जुळणारी टी-हार्नेस मिळते. वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना सगळं मूळ रूपात परत लावता येतं. खांबांच्या पॅनेलमागे आणि सीटखाली पिवळ्या रंगाचे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

चालू कोण करणार

तीन अ‍ॅम्प बसवले, सिग्नल पोचला, आता त्यांना उठवायचं. बाजारातल्या स्टिरिओला यासाठी पांढऱ्या पट्ट्याची निळी तार असते. नुसती निळी असते ती विजेवर वर येणाऱ्या अँटेनाची. तिला जोडलं तर काही स्टिरिओंत फक्त रेडिओ लावल्यावरच अ‍ॅम्प जागे होतात, आणि दोष शोधण्यात एक संध्याकाळ जाते. या रिमोट तारेची क्षमता थोडी असते. पायोनियरच्या माहितीपुस्तिकांत ती कमाल ३०० मिलिअँपिअर दिलेली असते. दोन-तीन आधुनिक अ‍ॅम्प तेवढ्यात बसतात. पण कुणी त्याच तारेवर डिकीतला पंखा, निळी एलईडीची पट्टी आणि कन्व्हर्टर टांगला की आतला ट्रान्झिस्टर जातो आणि स्टिरिओ उघडावा लागतो. अशा वेळी साधा चार पायांचा रिले लावावा. ८६ला रिमोट तार, ८५ला अर्थ, ३०ला बॅटरीतून छोट्या फ्यूजमधून आलेली तार, आणि ८७वरून सगळ्या अ‍ॅम्पची रिमोट. रिलेची कॉइल स्वतः साधारण दीडशे मिलिअँपिअर घेते. कॉइलवर एक १एन४००७ डायोड उलटा लावला, पट्टीची बाजू ८६कडे, की रिले सुटताना उसळणारं व्होल्टेज स्टिरिओपर्यंत जात नाही.

कंपनीच्या टचस्क्रीनला ही तार नसते. हाय लेव्हल इनपुट असलेले बरेच अ‍ॅम्प वर सांगितलेले ते ६-७ व्होल्ट ओळखून स्वतः जागे होतात. अनेक अ‍ॅम्प असतील तर एकालाच हे काम द्यावं आणि त्याच्या ‘रिमोट आउट’वरून बाकीचे उठवावेत. प्रत्येकाने आपापला जागा व्हायचं ठरवलं तर एक आधी, एक नंतर आणि प्रत्येक वेळी धप्प आवाज.

वीज आणि अर्थ

सिग्नलवर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी तरी इथे व्हायला हवी, कारण अनेक अ‍ॅम्पच्या मांडणीतले बहुतेक बिघाड इथले असतात. ६० वॅटचे चार चॅनेल, साठ टक्के कार्यक्षमतेचे, आणि ३०० वॅटचा क्लास डी मोनो, ऐंशी टक्क्यांचा, असं धरलं तर पूर्ण जोरात ७७५ वॅट लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टला ५६ अँपिअर. प्रत्यक्ष संगीतात सरासरी याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली असते, म्हणून छोट्या पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आणि तिचा अल्टरनेटर हे निभावतात. पण तार मात्र शिखराचा विचार करून घ्यावी. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर धरले तर ४ गेजच्या, म्हणजे २१ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ५६ अँपिअरला ०.२३ व्होल्ट गळतात. ८ गेजमध्ये ०.५८. बाजारातल्या तयार किटमधली तार मात्र बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते आणि तिची वाहकता तांब्याच्या दोन तृतीयांशाहूनही थोडी कमी. टोक चाकूने खरवडून आत चांदीसारखा रंग दिसतो का ते बघावं. पण कथिलाचा मुलामा दिलेलं तांबंही वरून तसंच दिसतं, म्हणून तार आडवी कापून काप पाहावा.

प्रत्येक अ‍ॅम्पला बॅटरीपासून वेगळी तार ओढू नये. एक जाड तार, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज, डिकीत डिस्ट्रिब्युशन ब्लॉक, आणि तिथून जिथे जिथे तार बारीक होते तिथे तिथे स्वतंत्र फ्यूज. फ्यूज अ‍ॅम्प वाचवायला नसतो, तार वाचवायला असतो. अपघातात तार पत्र्याला घासून उघडी पडली तर बॅटरीतून शेकडो अँपिअर तिच्यात उतरतील, आणि बारीक फांदीला ८० अँपिअरचा मुख्य फ्यूज काही उपयोगाचा नाही.

अर्थ सगळ्या अ‍ॅम्पचा एकाच जागी घ्यावा. इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार होणारी शिट्टी ही अनेक अ‍ॅम्पच्या मांडणीची ओळखीची व्याधी आहे, आणि तिचं कारण बहुधा असं असतं: एक अ‍ॅम्प सीटखाली, त्याचा अर्थ तिथेच, दुसरा डिकीत, त्याचा अर्थ डिकीत, दोन्ही जागांमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक, आणि तो फरक आरसीएच्या जाळीतून वाहायला लागतो. वाय केबलने दोघांच्या जाळ्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून तिच्यावर आळ येतो. रंग खरवडून चकचकीत पत्रा, थिंबल, बोल्ट आणि दात्यांचा वॉशर, तारेची लांबी शक्य तेवढी कमी. सीट बेल्टचा बोल्ट वापरू नये. कोकणात, गोव्यात किंवा एकूणच पावसाळ्यात चकचकीत पत्र्याला दोन महिन्यांत गंज धरतो, त्यामुळे बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस किंवा रंग लावायचा. ओल्या चपला ठेवल्या जातात त्या सीटखाली अ‍ॅम्प बसवायचा असेल तर तो गालिच्यावर न टेकवता थोडा उंच बसवावा.

शिट्टी आलीच तर आधी अ‍ॅम्पची आरसीए काढून बघावी. अ‍ॅम्प बंद करून काढावी; चालू अ‍ॅम्पची आरसीए ओढल्यामुळे काही स्टिरिओंमधला आउटपुटच्या अर्थचा नाजूक फ्यूज उडतो आणि मग कायमची शिट्टी मागे लागते. आरसीए काढल्यावर अ‍ॅम्प चालू केला आणि शिट्टी थांबली, तर दोष त्याच्या मागे स्टिरिओकडे किंवा जाळीत आहे. थांबली नाही तर तो अ‍ॅम्प आणि त्याची वीज. ग्राउंड लूप आयसोलेटर हा शेवटचा उपाय. तो शिट्टीबरोबर थोडा बासही नेतो.

गेन लावताना सिग्नल वाटल्याचा एक फायदा दिसतो: प्रत्येक अ‍ॅम्पचा गेन वेगळा असतो, म्हणजे सगळ्यांचा समतोल तिथे साधता येतो. स्पीकर सोडवून, स्टिरिओ फाटायच्या आतल्या कमाल आवाजावर ठेवून, चाचणीचा सूर वाजवून मल्टिमीटरने आउटपुटचं एसी व्होल्टेज मोजायचं. हवं ते व्होल्टेज म्हणजे वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ: ६० वॅट ४ ओहमला १५.५ व्होल्ट, ३०० वॅट २ ओहमला २४.५. सबवूफरसाठी ५० हर्ट्‌झचा सूर चालतो. स्पीकरांसाठी १,००० हर्ट्‌झ सांगतात, पण स्वस्त मल्टिमीटर चारशे हर्ट्‌झच्या वर खरं सांगतीलच असं नाही. त्यांच्यासाठी गाळणी तात्पुरती बंद करून २०० हर्ट्‌झचा सूर वापरलेला बरा. मग स्पीकर जोडून कानाने सबवूफर थोडा खाली आणावा. जवळजवळ प्रत्येक गाडीत तो जास्तच लावलेला असतो.

सगळं झाल्यावर गाडी लॉक करून अर्धा तास थांबायचं, बॉनेट उघडून बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत मल्टिमीटर अँपिअरवर लावायचा. पन्नास मिलिअँपिअरच्या आत आकडा असेल तर अ‍ॅम्प खरंच झोपलेत. एक अँपिअरच्या आसपास दिसला तर तिघांपैकी एकाला रिमोट तार कुठून तरी अजून मिळतेय, आणि ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन रात्रीही काढणार नाही. एकेका अ‍ॅम्पचा फ्यूज काढत गेलं की कोणता ते लगेच कळतं.